लाकडी की इलेक्ट्रिक? क्रॉसबी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांच्या मैफलींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या चौघांच्या गाण्याचा नाद लागला की कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, "तुला ते साध्या लाकडी गिटारी घेऊन बसलेले आवडतात, की अँप लावून उभे राहिलेले?" (अँप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज मोठा करणारी पेटी.) एकच उत्तर देऊन सुटका होत नाही, कारण त्या उत्तरातून पुढचे दहा प्रश्न निघतात. आमच्या रविवारच्या ऐकण्याच्या बैठकीत गेली कित्येक वर्षं तेच ते प्रश्न येतात. म्हटलं, एकदाच लिहून टाकू.

हे चौघं कोण, थोडक्यात सांगा.

डेव्हिड क्रॉसबी हा 'द बर्ड्स' या अमेरिकन बँडमधला. 1967 मध्ये त्याला तिथून काढून टाकलं. स्टीफन स्टिल्स 'बफेलो स्प्रिंगफील्ड' मोडल्यामुळे मोकळा झालेला. ग्रॅहम नॅश इंग्लंडचा, मँचेस्टरच्या 'द हॉलीज'मध्ये गाऊन गाऊन कंटाळलेला. 1968 मध्ये लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन भागात तिघं एका घरी जमले. ते घर जोनी मिचेलचं की कॅस इलियटचं (दोघी गायिका), यावर त्यांचं त्यांच्यातच कधी एकमत झालं नाही. क्रॉसबी आणि स्टिल्सनी एक गाणं म्हटलं. नॅश म्हणाला, परत म्हणा. त्यांनी परत म्हटलं. पुन्हा एकदा, म्हणाला. तिसऱ्या वेळी त्याने वरचा सूर लावला आणि ग्रुप तयार झाला.

पहिला अल्बम मे 1969 मध्ये आला. त्याच उन्हाळ्यात नील यंग येऊन मिळाला.

एकाच कार्यक्रमाचे लाकडी आणि इलेक्ट्रिक असे दोन भाग कशासाठी?

सोय म्हणून सुरू झालं, पुढे तीच रीत झाली.

पहिल्या अल्बमवर ड्रम डॅलस टेलरने वाजवले. उरलेलं जवळजवळ सगळं, म्हणजे बास, ऑर्गन, लीड गिटार, एकट्या स्टिल्सने एकावर एक चढवून वाजवलं होतं. स्टुडिओत हे चालतं. स्टेजवर एक माणूस तीन वाद्यं कशी वाजवणार? म्हणजे या ग्रुपकडे तीन गळे होते, एक गाजणारा अल्बम होता, पण बँडच नव्हता. तीन माणसं आणि दोन गिटारी एवढ्यावर अर्धा कार्यक्रम सहज निघत होता. उरलेल्या अर्ध्यासाठी माणसं हवी होती. अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत एर्तेगुन यांनी नील यंगचं नाव सुचवलं. स्टिल्स आणि यंग 'बफेलो स्प्रिंगफील्ड'मध्ये एकत्र होते, भांडलेही होते. तरी स्टिल्स तयार झाला. बासवर ग्रेग रीव्हज आला, ड्रमवर टेलर होताच.

मग ठरलं असं, की आधी लाकडी गिटारी घेऊन गायचं, मध्यंतर घ्यायचं आणि मग अँप चालू करायचे. पहिल्या भागाला ते स्वतः 'वुडन म्युझिक' म्हणायचे, म्हणून मीही इथे 'लाकडी' हाच शब्द वापरतोय. 'अकूस्टिक' म्हटलं की दुकानातल्या पाटीसारखं वाटतं.

लाकडी भाग म्हणजे माईकशिवाय का?

नाही. माईक होते, स्पीकर होते. हजारो माणसांपुढे बिनमाईकचं कोण गाणार? अँप आणि ड्रम नव्हते, एवढाच अर्थ.

या तिघांचे आवाज एकमेकांत एवढे मिसळतात कसे?

आपल्या कानाला सवय एका गळ्याची आणि त्यामागे धरलेल्या षड्जाची. तीन माणसं एकाच वेळी तीन वेगळे सूर लावून एकच ओळ म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकताना मन कुणाच्या मागे जावं ते कळत नाही. माझंही तसंच झालं होतं. सोपा उपाय सांगतो. एका फेरीत फक्त वरचा आवाज धरा. तो नॅश, धारदार, जवळजवळ बाईच्या पट्टीला जाणारा. दुसऱ्या फेरीत खालचा, थोडा खरखरीत आवाज धरा. तो बहुतेक वेळा स्टिल्स. उरला क्रॉसबी. तो सापडत नाही! तीच त्याची करामत. मधला सूर तो इतका अलगद लावतो की वेगळा काढता येत नाही, पण तो काढून घेतला तर वरचा आणि खालचा लगेच सुटे पडतील. दोन विटांमधला चुना दिसत नाही, तसं.

'हेल्पलेसली होपिंग' यासाठी उत्तम. एक गिटार, तीन गळे, अडीच-पावणेतीन मिनिटं. एवढं ऐकून काही झालं नाही तर हा ग्रुप तुमच्यासाठी नाही, वाईट वाटून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. कुठे गायचं नाही हेही त्यांना कळत होतं. चौघांच्या 'डेजा व्हू' अल्बमसाठी स्टिल्सने '4 + 20' एकट्याने गाऊन ठेवलं होतं. त्यावर बाकीच्यांनी सूर चढवावेत असा त्याचा बेत होता. क्रॉसबी आणि नॅश म्हणाले, नाही, हे असंच राहू दे. ते तसंच राहिलं.

स्टिल्सच्या गिटारीचा आवाज तंबोऱ्यासारखा घुमतो. भास आहे की खरंच?

खरंच. हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबेल.

गिटारीच्या सहा तारा नेहमी ई-ए-डी-जी-बी-ई अशा जुळवतात. 'सूट: ज्युडी ब्लू आइज' या गाण्यासाठी स्टिल्स त्या ई-ई-ई-ई-बी-ई अशा जुळवायचा. 'बफेलो स्प्रिंगफील्ड'च्या बासवाल्याच्या, ब्रूस पामरच्या, नावाने ही जुळवणी ओळखली जाते. आता ई म्हणजे सा धरा. मग बी काय? पंचम. म्हणजे सहापैकी पाच तारा षड्जाच्या आणि एक पंचमाची. तंबोराच की!

यात गंधाराची तार नाही, ही खरी मेख. गंधार शुद्ध की कोमल, त्यावर पाश्चात्त्य संगीतात मेजर आणि मायनर ठरतं. मोकळ्या तारा त्याबद्दल काही बोलतच नाहीत. सा आणि प घुमत राहतात आणि गंधार कुठे ठेवायचा ते गळ्यांवर सोपवलेलं असतं. पेटीच्या साथीने गाताना गळा पट्टीच्या गंधाराला बांधला जातो आणि तंबोऱ्यावर मोकळा होतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गाणाऱ्याला विचारा. या तिघांचं मिसळणं लाकडी भागात एवढं सुबक का होतं, त्याचं एक कारण मला तरी इथे सापडतं.

मी एकदा घरी हे करून पाहिलं. ए ची तार उतरवून ई ला आणायची, जी ची तीही खाली ई ला, आणि डी ची मात्र चढवून ई ला. पहिल्या दोन निमूटपणे उतरल्या. तिसरी चढवताना टण्णकन् तुटून अंगठ्याला लागली, तार जुनी होती आणि मी उतावळा. दुसरी घालून पुन्हा जुळवली. मग नुसता हात फिरवला, कुठेही बोट न ठेवता, आणि स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "तंबोरा कुणाचा आणलास?"

क्रॉसबीच्या जुळवण्या वेगळ्याच वाटेने जातात. 'ग्विनेव्हिअर'साठी तो ई-बी-डी-जी-ए-डी अशी जुळवणी वापरायचा. त्यात काही तरंगत राहतं, जमिनीवर येतच नाही.

यात भारतीय संगीताचा खरोखर हात आहे, की आपण उगाच आपलं घोडं पुढे दामटतोय?

स्टिल्सच्या जुळवणीपुरतं म्हणाल तर मी साम्य दाखवलं, उगम नाही. क्रॉसबीचं मात्र वेगळं. तो रविशंकरांच्या वादनाचा भक्त होता आणि 1965 मध्ये 'बीटल्स'च्या जॉर्ज हॅरिसनला त्याची गोडी लावण्यात 'बर्ड्स'मधल्या क्रॉसबी आणि मॅग्विन यांचा वाटा होता, हे सर्वज्ञात आहे.

वुडस्टॉकचा, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या त्या प्रचंड संगीत उत्सवाचा, योगायोगही बघा. पहिल्या रात्री, 15 ऑगस्ट 1969 ला, त्याच स्टेजवर पावसात रविशंकर वाजवून गेले. तबल्यावर अल्लारखा, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. आणि उत्सव संपता संपता स्टिल्स सा-प मध्ये जुळवलेली गिटार घेऊन तिथेच येऊन बसला.

वुडस्टॉकला त्यांनी नक्की काय केलं?

ग्रुप म्हणून त्यांचा पहिला कार्यक्रम 16 ऑगस्ट 1969 ला शिकागोच्या ऑडिटोरियम थिएटरमध्ये झाला. दुसरा थेट वुडस्टॉक. सोमवार, 18 ऑगस्टची पहाट, तीनच्या सुमाराला. दुसऱ्याच प्रयोगाला लाखांवर माणसं! आम्ही लोकांपुढे दुसऱ्यांदाच वाजवतोय आणि जाम घाबरलोय, असं स्टिल्सने तिथे माईकवरच सांगून टाकलं.

सुरुवात 'सूट: ज्युडी ब्लू आइज'ने. सात मिनिटांहून मोठं, चार तुकड्यांचं गाणं, भर पहाटे, थंडीत. आवाज मधूनमधून हलतात, मला ते हलणं आवडतं. यंग लाकडी भागाच्या उत्तरार्धात आला आणि मग इलेक्ट्रिक भागात राहिला. त्याने कॅमेऱ्यांना आपल्या जवळ येऊ दिलं नाही, म्हणून वुडस्टॉकच्या चित्रपटात तो दिसत नाही. नव्या श्रोत्याला वाटतं, वुडस्टॉकला तिघंच होते.

एक खोच सांगून ठेवतो. वुडस्टॉकच्या अल्बमवर त्यांचं म्हणून जे 'सी ऑफ मॅडनेस' आहे, ते वुडस्टॉकचं नाहीच. ते पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या थिएटरमध्ये रेकॉर्ड झालेलं. पैज लावायला चांगलं.

इलेक्ट्रिक भागात ते कधी कधी बेसूर का होतात?

बेसूर म्हणू नका, कणसूर म्हणा. पण होतात, हे मान्य.

कारण साधं आहे. हार्मनी, म्हणजे एकाच ओळीचे वेगवेगळे सूर एकत्र, गाणारा माणूस स्वतःच्या आवाजापेक्षा शेजाऱ्याचा आवाज जास्त ऐकत असतो. शेजारी किती वर आहे त्यावर आपण किती खाली राहायचं ते ठरतं. लाकडी भागात तिघं खांद्याला खांदा लावून उभे राहायचे किंवा बसायचे, म्हणजे शेजाऱ्याचा श्वाससुद्धा कळायचा. इलेक्ट्रिक भागात मागे ड्रम, एका बाजूला स्टिल्सचा अँप, दुसऱ्या बाजूला यंगचा. 1969-70 च्या काळात गाणाऱ्याला त्याचाच आवाज परत ऐकवणारे स्टेजवरचे स्पीकर आजच्या मानाने अगदीच बाळबोध होते. ऐकू आलं नाही की माणूस ओरडतो, आणि ओरडला की सूर चढतो.

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला हे मी अंगावर घेतलंय. तिघं मित्र, तीन महिने जिन्याखाली तालीम, तिथे छान घुमायचं. प्रत्यक्ष कार्यक्रमात साउंडवाल्याने सगळे स्पीकर लोकांकडे तोंड करून लावले आणि आमच्या मागे की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड. दुसऱ्या कडव्याला मी मित्राच्या ओठांकडे बघून सूर लावत होतो! ओठांवरून शब्द कळतात, सूर नाही. समोरच्या रांगेतले सर मान खाली घालून बसलेले मला आजही दिसतात. तेव्हापासून 1970 च्या रेकॉर्डिंगमध्ये नॅशचा आवाज जरा चढला की मला चीड येत नाही, पोटात कालवतं.

मग इलेक्ट्रिक भाग ऐकावाच कशाला?

कारण तिथे गाणं गळ्यातून निघून हातात येतं. लाकडी भागात तुम्हाला त्यांचे आवाज कळतात, इलेक्ट्रिक भागात त्यांचे एकमेकांशी संबंध.

स्टिल्स आणि यंग हे दोन अगदी वेगळ्या वळणाचे वाजवणारे. स्टिल्सचा हात तयार, ब्लूजमध्ये मुरलेला, सुरावटी गोलाईने फिरवणारा. यंग एकच स्वर धरून त्याच्यावर घण घालत बसतो. तारेचा कचकच आवाज, अँपची कळवळ, सगळं त्याला चालतं. हे दोघं समोरासमोर आले की सवाल-जवाब सुरू. आपल्याकडच्या जुगलबंदीत शेवटी दोघं समेवर येऊन हसतात. इथे नेहमीच येतात असं नाही. कधी कधी एक दुसऱ्याला झाकायला बघतो, मग दुसरा आवाज वाढवतो, आणि नॅश बिचारा मध्ये माईकपाशी वाट बघतोय, हे डोळ्यांपुढे येतं.

'सदर्न मॅन' यंगच्या स्वतःच्या अल्बमवर साडेपाच मिनिटांचं आहे. या चौघांच्या 'फोर वे स्ट्रीट' या मैफलींच्या अल्बमवर तेच तेरा मिनिटांच्या पुढे जातं. 'कॅरी ऑन' स्टुडिओत साडेचार मिनिटांच्या आत, मैफलीत चौदा मिनिटं. त्यातली चार-पाच मिनिटं कापली असती तरी माझी हरकत नव्हती, खरं सांगायचं तर.

'फोर वे स्ट्रीट'ची पहिली तबकडी मी झिजवली, दुसरी लावत नाही. माझं चुकतंय का?

चुकत नाही, पण क्रम बघा. एप्रिल 1971 मध्ये आलेला हा दोन तबकड्यांचा अल्बम. पहिली पूर्ण लाकडी, दुसरी इलेक्ट्रिक. रेकॉर्डिंग 1970 च्या जून-जुलैमधलं, न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या मैफलींतलं. तोवर बासवर कॅल्विन सॅम्युएल्स आणि ड्रमवर जॉनी बारबाटा आले होते. आणि अल्बम दुकानात पोचेपर्यंत ग्रुप फुटलेला.

पहिल्या तबकडीवर गंमत अशी की चौघं एकत्र फार थोडा वेळ आहेत. पाळीपाळीने एकेक जण पुढे येतो, बाकीचे बाजूला. 'सूट'चं तर फक्त शेपूट ठेवलंय, अर्ध्या मिनिटाचं. म्हणजे ज्या तबकडीला लोक 'एकोप्याची' म्हणतात तिच्यावर ते एकेकटे आहेत, आणि 'भांडणाची' म्हणतात तिच्यावर चौघं मिळून. हे लक्षात आल्यावर मी दुसरी पुन्हा काढली.

दुसऱ्या तबकडीचा शेवट मात्र चुकवू नका. 'कॅरी ऑन'चा सगळा धुरळा खाली बसतो आणि 'फाइंड द कॉस्ट ऑफ फ्रीडम' सुरू होतं. लाकडी गिटार, आणि मग नुसते गळे. दोन मिनिटं. अर्धा तास अँपच्या आवाजाने बधिर झालेल्या कानांवर ते चार सूर पडतात. हेच गाणं पहिल्या तबकडीवर ठेवलं असतं तर ते आणखी एक गोड गाणं झालं असतं. मैफलीतही ते शेवटीच म्हणायचे. लाकडी चांगलं की इलेक्ट्रिक, या वादात मी बाजू घेत नाही ती यामुळे. मला त्या दोघांमधला सांधा ऐकायला आवडतो.

'ओहायो' लाकडी गिटारीवर का नाही केलं? विषय तर शोकाचा.

शोकाचा आणि संतापाचा. 4 मे 1970 ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) गोळीबारात चार विद्यार्थी मेले. मासिकातले त्याचे फोटो क्रॉसबीने यंगच्या हातात दिले, आणि यंगने गाणं लिहिलं. 21 मे ला लॉस एंजेलिसमध्ये सगळ्यांनी मिळून ते एकत्र वाजवून, मोजक्या टेकमध्ये रेकॉर्ड केलं. जूनमध्ये बाजारात आलंसुद्धा. शेवटी मागे ओरडणारा आवाज क्रॉसबीचा.

सुरुवातीची गिटारीची ती कूच करत आल्यासारखी ओळ लाकडी गिटारीवर वाजवून बघा. होते, पण बूट काढून कूच केल्यासारखी होते.

आणि त्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काय होतं? 'फाइंड द कॉस्ट ऑफ फ्रीडम'. पुढून इलेक्ट्रिक, मागून लाकडी. रेकॉर्ड उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढंच मध्यंतर.

जाता जाता: नॅशचं 'टीच युअर चिल्ड्रन' तेव्हा लोकप्रिय गाण्यांच्या तक्त्यावर वर चढत होतं. 'ओहायो' घाईने काढल्यामुळे ते मागे पडलं. त्यात पेडल स्टील गिटार 'ग्रेटफुल डेड' या बँडच्या जेरी गार्सियाची आहे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

एकच गाणं दोन्ही तऱ्हांनी ऐकायचं तर कोणतं घेऊ?

यंगचं 'काउगर्ल इन द सँड'. 1969 च्या त्याच्या 'क्रेझी हॉर्स' या बँडबरोबरच्या अल्बमवर ते दहा मिनिटांचं गिटारींचं रान आहे. 'फोर वे स्ट्रीट'वर तो ते एकटा, एका लाकडी गिटारीवर म्हणतो, चार मिनिटांच्या आत. शब्द पहिल्यांदा तिथे कळतात. दुसरं 'वुडस्टॉक'. जोनी मिचेल स्वतः त्या उत्सवाला गेली नव्हती, गाणं मात्र तिने लिहिलं. तिचं संथ, एकाकी, एका की-बोर्डवरचं. या चौघांचं गरजणारं. एकाच वस्तीत राहणाऱ्या माणसांना तीच बातमी किती वेगळी ऐकू आली!

उलट 'ऑलमोस्ट कट माय हेअर' इलेक्ट्रिकच हवं. त्यात हार्मनीच नाही. एकटा क्रॉसबी घसा फोडून गातो आणि मागे दोन गिटारी एकमेकींवर गुरगुरतात.

गिटारी कोणत्या वापरायचे?

लाकडी भागात मार्टिन, त्यातही डी-45. मार्टिन कंपनीने हे सगळ्यात महागडं मॉडेल 1942 नंतर बंद केलं होतं, ते 1968 मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि या मंडळींच्या हातात ते लगेच दिसू लागलं. इलेक्ट्रिक भागात स्टिल्स आणि यंग दोघांकडेही ग्रेचची पांढरीशुभ्र, सोनेरी कडांची 'व्हाइट फाल्कन' असायची. यंगची दुसरी ओळख म्हणजे 'ओल्ड ब्लॅक', 1953 ची गिब्सन लेस पॉल, मूळची सोनेरी, नंतर काळी रंगवलेली. कुणी विकत घ्यायचा विचार करत असाल तर किमती बघण्याआधी बसून घ्या.

1974 च्या दौऱ्यात क्रम का बदलला?

जागा बदलली म्हणून. 1970 मध्ये ते बहुतेक थिएटरांत आणि बंदिस्त सभागृहांत गात होते. 1974 मध्ये मैफलींचे आयोजक बिल ग्रॅहम यांनी त्यांना मुख्यतः स्टेडियममध्ये उतरवलं. 9 जुलैला सिएटलला सुरुवात, 14 सप्टेंबरला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये शेवट. उन्हात तापलेल्या पन्नास हजार लोकांपुढे एक लाकडी गिटार घेऊन सुरुवात करून बघा! म्हणून आधी इलेक्ट्रिक, मध्ये लाकडी, शेवटी पुन्हा इलेक्ट्रिक. 2014 मध्ये निघालेला 'सीएसएनवाय 1974' (चौघांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं) हा 40 गाण्यांचा संच याच तीन भागांत लावलाय. क्रॉसबीने त्या दौऱ्याला 'डूम टूर', म्हणजे सर्वनाशाचा दौरा, असं नाव ठेवलं होतं, त्यावरून वातावरण कळेल. पण मधली लाकडी तबकडी ऐका. बाहेर एवढा गोंगाट असून ती शांत आहे.

म्हणजे लाकडी असलं की सुरात, असा नियम?

अजिबात नाही. 3 डिसेंबर 2015 ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय ख्रिसमस वृक्षाच्या कार्यक्रमात क्रॉसबी, स्टिल्स आणि नॅश यांनी 'सायलेंट नाइट' गायलं. ना अँपची भिंत, ना ड्रम. आणि तीन सूर तीन दिशांना गेले. तिघांचं एकत्र गाणं तेच शेवटचं ठरलं. तोवर बोलणं जवळजवळ थांबलेलं होतं. शेजाऱ्याचं ऐकायची इच्छाच नसेल तर कुठला स्पीकर काय करणार?

चौघं शेवटचे एकत्र केव्हा गायले?

ऑक्टोबर 2013 मध्ये, यंग आणि त्याच्या तेव्हाच्या पत्नीने चालवलेल्या, ब्रिज स्कूल या अपंग मुलांच्या शाळेसाठीच्या मदतीच्या कार्यक्रमात. त्या कार्यक्रमाचा शिरस्ताच लाकडी गिटारींचा होता, 1986 पासून. त्याआधी 2006 चा मोठा दौरा जवळपास उलट टोकाचा: यंगची इराक युद्धाविरुद्धची गाणी आणि कान किटतील एवढी गिटार. अटलांटात काही लोक चिडून उठून गेले. क्रॉसबी 18 जानेवारी 2023 ला गेला.

नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

पहिला अल्बम, मग 'डेजा व्हू', मग 'फोर वे स्ट्रीट'. मैफलीचा आकार नीट कळायला 2024 मध्ये निघालेलं 'लाइव्ह ॲट फिलमोर ईस्ट, 1969' घ्या. सप्टेंबर 1969 चं रेकॉर्डिंग, म्हणजे ग्रुप महिन्याभराचा. लाकडी भाग आधी, इलेक्ट्रिक नंतर, आणि अजून कुणी कुणावर रागावलेलं नाही.

फक्त लाकडीच हवं असेल तर क्रॉसबी आणि नॅश या दोघांचं 'अनदर स्टोनी ईव्हनिंग', ऑक्टोबर 1971 ची लॉस एंजेलिसची मैफल. दोघंच, गप्पा मारत, लोकांना हसवत. पावसाळ्यात संध्याकाळी लावायचं.

आम्हाला घरी तिघांनी मिळून गाऊन बघायचंय. कसं बसायचं?

खुर्च्या त्रिकोणात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. भिंतीकडे तोंड करून बसू नका. गिटार एकच, तीही हळू. ज्याचा आवाज वर जातो त्याला नॅशचा सूर द्या, तो सहज सापडतो. ज्याला स्वतःचा आवाज ऐकायची फार हौस नाही त्याला मधला. असा माणूस शोधायलाच वेळ लागतो. सुरुवातीला शब्द टाकून नुसता आकार लावा. एक ओळ, पंधरा मिनिटं. जमलं की कळतं, कारण खोलीत नसलेला एक चौथाच सूर कानात वाजायला लागतो.

चौथा माणूस मिळत नाही. चालेल?

चालेल. मुळात तिघंच होते.